अधेली

मंगळवारी फीडर बंद असतो.
चक्कीचा पट्टा सैल करून ठेवतो
आणि सायकलनं बँकेत जातो, दोन किलोमीटर,
खिशात पाचशेची नोट.

निखाडे मॅडम नोट पाहतात, मग मला.
"चिल्लरच ना?"
अख्ख्या तालुक्यात चिल्लर नेणारा मी एकटा.
बाकीचे आणून टाकतात:
डेअरीची, पानठेल्यावरची, देवळाच्या पेटीतली,
कुंकू लागलेली, खर्ऱ्याच्या वासाची.
शंभर-शंभरची पाच पाकिटं त्या सरकवतात,
टेबल मोकळं झाल्याच्या आनंदात.

घरी सूप घेतो. पाकीट फोडतो.
पिठाचे हात मुद्दाम धूत नाही.
अंगठा फिरवला की पीठ खाचेत बसतं
आणि साल उठून दिसतं.
सालाखाली ठिपका, तर नोएडा.
चांदणी हैदराबादची.
शंकरपाळं असेल तर मुंबई.
कोलकात्याची काहीच खूण नसते,
मोठ्या घरची माणसं नाव सांगत नाहीत तसं.

बारा वर्षं.
मिळालं म्हणाल तर
शिक्का सरकलेला एक रुपया, चंद्रकोरीसारखा,
एक नेपाळचा,
आणि कोण्या मोटारपंपाचा एक वॉशर.
"चांदी कुठं येते आता बँकेत,"
शालिक सोनकुसरे तराजू पुसत म्हणाला,
"पांदणीत वाघ भेटंल तुमाले, चांदी नाही भेटत."
वाघ मला दिसला. गेल्या हिवाळ्यात, पांदणीतच,
माझ्याकडे न पाहता तुरीत शिरला.
त्यामुळं मी थांबलो नाही.

पोळ्याच्या आधीचा मंगळवार, तिसरं पाकीट.
चक्कीचा झिजलेला पाट अंगणात पडलाय,
त्यावर मी एकेक नाणं टाकतो.
टक्. टक्. टक्.
स्टील असंच बोलतं, खिडकीमागच्या कारकुनासारखं.
मग एक पडलं
आणि आवाज तिथंच उभा राहिला,
बसेचना.
कोंबडीनं मान वर केली.

काळं ठिक्कर. राजाचं डोकं. एकोणीसशे त्रेचाळीस.
आकारानं आजच्या रुपयाएवढं,
म्हणून मोजणाऱ्याच्या बोटांतून सुटलेलं.
अधेली.
सोनकुसऱ्यानं काट्यावर घातली: अर्धा तोळा.
"त्यातबी अर्धीच चांदी. लढाईच्या टायमाची.
अडीचशे देतो."
मी हसलो आणि परत खिशात घातली.
रस्ताभर हात खिशातच. सायकल एका हातानं.

जुनं नाणं घासायचं नसतं.
हे मला माहीत आहे, पंचफुलाला नाही.
संध्याकाळी दळण पोचवून आलो
तर चिंच अन् राख लावून
देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखं लख्ख.
माझ्या तोंडून शब्द निघणार, तेवढ्यात
तिनं ते दिव्याजवळ धरलं.
"हे पाहा न. याले कडी होती."

राजाच्या मुकुटाच्या वर, अगदी काठाशी,
डाग दिल्याचा बारका ठिपका.
ठिपके ओळखण्यात बारा वर्षं घातली मी.
हा कुठल्याच टाकसाळीचा नव्हता.
"गयातलं आहे हे," ती म्हणाली.
"तांड्यावरच्या बाया घालतात न, माळीत ववलेलं.
अन् माळीत का एकच असते का?"
आणि ती भाकरी थापायला गेली.

पाकिटाला टाचलेली चिठ्ठी मी जपून ठेवली होती.
पानठेल्याचं नाव होतं त्यावर.
ठेला माहितीतला. चारदा समोरून गेलो,
सुपारी घेतली,
विचारलं नाही.

पुन्हा मंगळवार.
"काही सापडतं का हो यात?" निखाडे मॅडमनी
पहिल्यांदाच विचारलं.
"वॉशर," मी म्हणालो.

सूप. पीठ. अंगठा.
टक्.
आधी हा आवाज म्हणजे, नाही, हेही नाही.
टक्.
आता तोच ऐकला की छाती जरा खाली बसते.
टक्.
अजून दोन पाकिटं आहेत.